‘लक्ष कुठे असतं तुमचं?’

हा प्रश्न पूर्वी आपल्या घरांतून पोरांना विचारला जात असे. पाटी पुढ्यात, डोळे गल्लीतल्या गोट्यांच्या डावाकडे आणि पाठीत आईचा धपाटा, असा तो प्रकार होता. अलीकडे हाच प्रश्न घरातील वडीलधाऱ्या माणसांना विचारला जाऊ लागला आहे. धपाटा तेवढा नसतो. पण सुनेने, मुलाने किंवा शाळकरी नातवाने चारचौघांत असे विचारले म्हणजे सत्तरीच्या माणसाचा चेहरा कसा उतरतो, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना आम्ही काय म्हणतो ते लगेच कळेल.

तक्रारी बहुतेक घरांत सारख्याच असतात. आजीने दूध गॅसवर ठेवले, दाराची बेल वाजली म्हणून ती उठली, दारात शेजारीण भेटली आणि इकडे दूध उतू गेले. बाबांना लाइट बिल भरून यायला सांगितले होते. ते बाजारात जाऊन, भाजी घेऊन, दोन ओळखीची माणसे भेटून परत आले आणि बिल खिशातच. चौघे बोलत बसले असता मध्येच भलतेच उत्तर देतात. टीव्ही चालू असला की हाक ऐकू येत नाही, मात्र त्यांच्याविषयी कोपऱ्यात हळू बोलले तर नेमके ऐकू येते! (या शेवटच्या तक्रारीत थोडे तथ्य आहे. त्याकडे पुढे येऊ.) मग घरात निकाल लागतो, ‘वय झालं, आता डोकं चालत नाही.’

या निकालाबद्दलच आम्हांस आज लिहावयाचे आहे. कारण तो नुसता शब्दांपुरता राहत नाही. डोके चालत नाही असे एकदा ठरले, की त्या माणसाला घरातल्या गोष्टी विचारणे बंद होते. लग्नाची बोलणी, जागेचे कागद, नातीचे कॉलेज, सगळे ठरते आणि त्यांना फक्त कळवले जाते. पुढे पुढे कळवलेही जात नाही. ज्या पिढीला बोलण्याचा आणि विचारले जाण्याचा हक्क मोठ्या कष्टाने मिळाला, तिला तिच्याच घरात गप्प बसवले जाते. आणि हे सारे कशावरून, तर दूध उतू गेले त्यावरून.

वाचक बंधू-भगिनींनो, संध्याकाळी सातची वेळ आहे असे समजा. दहा बाय पंधराची खोली. टीव्हीवर मालिका लागली आहे, कुकरच्या शिट्ट्या होत आहेत, नातू मोबाइलवर काहीतरी मोठ्या आवाजात पाहतो आहे, सून फोनवर माहेरी बोलते आहे, खाली भाजीवाल्याचा भोंगा ओरडतो आहे. अशा वेळी मुलगा कामावरून येऊन विचारतो, ‘बाबा, पेन्शनचा कागद कुठे ठेवलाय?’ तिशीचा माणूस या गलक्यातून तेवढे एक वाक्य बरोबर उचलतो. बाकीचे आवाज त्याच्याही कानावर पडतातच. पण सुपात धान्य घेऊन पाखडावे तसे त्याचे मन कोंडा बाहेर टाकते आणि दाणा ठेवते. हे काम तो करतो आहे याचा त्याला पत्ताही नसतो, इतके ते आपोआप चालते.

वय वाढू लागले म्हणजे या पाखडण्याचा जोर कमी होतो. दाणा सुपातच असतो, पण कोंडाही तिथेच राहतो. वडिलांच्या मनात पेन्शनचा कागद येतो, मालिकेतील सासूचे वाक्य येते, कुकरची तिसरी शिट्टी येते आणि भाजीवाल्याचा कांद्याचा भावही येतो. एवढ्या गर्दीतून उत्तर शोधायला त्यांना दोन क्षण जास्त लागतात. तोवर मुलाचे ‘अहो बाबा, लक्ष कुठे असतं तुमचं?’ येऊन आदळते.

हा आमच्या मनचा तर्क नाही. अमेरिकेतील लिन हॅशर आणि रोझ झॅक्स या दोन मानसशास्त्रज्ञ स्त्रियांनी १९८८ साली ही गोष्ट शास्त्रीय भाषेत मांडली. तोपर्यंत साधारण समजूत अशी, की म्हातारपणी मनाची कोठी लहान होते आणि तीत मावत नाही. या दोघींचे म्हणणे असे पडले, की कोठी लहान झाली असे दिसते याचे एक मोठे कारण तीत नको ते सामान शिरून बसते हे आहे. नको ते आत न येऊ देणे, आलेच तर बाहेर घालवणे, आणि तोंडाशी आलेले चुकीचे उत्तर थोपवून धरणे ही मनाची कामे वयाबरोबर ढिली होतात, असा त्यांचा सिद्धांत आहे.

पुढे मेंदूच्या आत डोकावण्याची यंत्रे आली आणि हे प्रत्यक्ष पाहण्याची सोय झाली. कॅलिफोर्नियातील बर्कले येथे अॅडम गझॅली व त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला एक प्रयोग २००५ साली प्रसिद्ध झाला. तो समजायला सोपा आहे म्हणून येथे सांगतो. तरुण आणि साठीपुढची माणसे घेतली. त्यांना पडद्यावर एकामागून एक माणसांचे चेहरे आणि निसर्गाची दृश्ये दाखवली. एकदा सांगितले, चेहरे लक्षात ठेवा, दृश्यांकडे दुर्लक्ष करा. एकदा त्याच्या उलट सांगितले. आणि एकदा सांगितले, काही लक्षात ठेवू नका, नुसते पाहा. मेंदूत दृश्ये पाहिल्यावर जागा होणारा एक विशिष्ट भाग आहे. त्या भागात किती हालचाल होते ते मोजले. दृश्ये लक्षात ठेवा म्हटल्यावर तरुणांत ती हालचाल वाढली, आणि वृद्धांतही तशीच वाढली. म्हणजे लक्ष देण्यात म्हातारी माणसे कमी पडली नाहीत! फरक पडला तो दुसऱ्या बाजूने. दुर्लक्ष करा म्हटल्यावर तरुणांत ती हालचाल नुसते पाहण्यापेक्षाही खाली गेली. वृद्धांत ती तशी खाली गेली नाही. तीन वर्षांनी याच मंडळींनी असेही दाखवले, की वृद्धांच्या मेंदूत ही दाबून टाकण्याची क्रिया नाहीशी होत नाही, ती उशिरा सुरू होते. तेवढ्या वेळात नको ते आत शिरून बसलेले असते.

लक्ष द्यायची ताकद शाबूत, दुर्लक्ष करायची ताकद उणी. ‘लक्ष कुठे असतं’ या प्रश्नाचे खरे उत्तर ‘सगळीकडे असतं’ असे आहे.

येथे दोन गोष्टी प्रामाणिकपणे सांगितल्या पाहिजेत. पहिली ही, की सर्व विद्वान या एका कारणावर समाधानी नाहीत. वयाबरोबर मेंदूचा एकंदर वेगच मंदावतो आणि बऱ्याचशा उणिवा त्यातूनच निघतात, असे मानणारा मोठा पक्ष आहे. आम्हांस वाटते, घरातल्या माणसाला यातून फारसा फरक पडत नाही. दोन्ही मते खरी धरली तरी म्हाताऱ्या माणसाला वेळ द्या आणि गलका कमी करा, हेच निघते. दुसरी गोष्ट ही, की सगळी म्हातारी माणसे एका मापाची नसतात. वर सांगितलेल्या प्रयोगातही ज्या वृद्धांची स्मरणशक्ती चांगली होती त्यांच्यात दाबून टाकण्याची क्रियाही बरीच टिकून होती. तेव्हा शेजारच्या आजोबांकडे बोट दाखवून आपल्या आजोबांना बोलू नये.

वाचनाची गोष्ट आम्हांस विशेष महत्त्वाची वाटते, कारण ती या पानाच्या कितीतरी वाचकांची आहे. आपल्यातील अनेक वडीलधारी माणसे घराण्यातील पहिली वाचणारी माणसे आहेत. कोणी रात्रशाळेत शिकले, कोणी मुलांच्या पुस्तकांवरून अक्षरे जुळवली. त्यांना वर्तमानपत्र वाचणे म्हणजे नुसता वेळ घालवणे नसते. अशी माणसे आता सांगतात, ‘वाचायला बसतो, पण चार ओळी झाल्या की काय वाचलं ते कळत नाही, पुन्हा वरून सुरुवात.’ चष्मा बदलून झालेला असतो. तरी तेच.

१९९१ साली हॅशर, झॅक्स व त्यांच्या एका सहकारी बाईंनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. लोकांना लहान लहान उतारे मोठ्याने वाचायला दिले. वाचावयाचा मजकूर एका वळणाच्या अक्षरांत आणि त्यात मध्ये मध्ये पेरलेले फालतू शब्द दुसऱ्या वळणाच्या अक्षरांत छापलेले. सूचना एवढीच, की ते फालतू शब्द सोडून वाचायचे. तरुणांचाही वेग त्याने कमी झाला, पण वृद्धांचा फारच कमी झाला. आणि पेरलेले शब्द उताऱ्याच्या विषयाशी जुळणारे असले, तर वृद्धांना ते सोडून देणे आणखीच जड गेले.

हे वाचून आम्हांस टीव्हीवरच्या बातम्यांची आठवण झाली. मधोमध बातमी सांगणारी बाई, खाली दोन पट्ट्या पळताहेत, बाजूला भाव, वर घड्याळ, मध्येच लाल अक्षरांत ‘मोठी बातमी’, आणि चौकटींतून सहा माणसे एकाच वेळी ओरडताहेत. म्हाताऱ्या माणसाला त्रास व्हावा म्हणून कोणी मुद्दाम योजना केली असती तर ती याहून वेगळी झाली नसती. त्यापेक्षा आकाशवाणीवरच्या बातम्या बऱ्या. एक आवाज असतो, आणि तो एका वेळी एकच गोष्ट सांगतो.

वाचनासाठी घरात एवढे करता येते. सकाळची वेळ ठरवावी, टीव्ही बंद असावा, खुर्ची भिंतीकडे किंवा खिडकीकडे तोंड करून ठेवावी, म्हणजे खोलीतील ये-जा डोळ्यांसमोर राहत नाही. एक जाडसर कागद घेऊन वाचत असलेल्या ओळीखाली धरावा आणि तो खाली खाली सरकवत जावा. पहिलीतली मुले पट्टी धरतात तसे. यात लाज वाटण्यासारखे काही नाही. खालच्या ओळी डोळ्यांनी आधीच चोरून वाचल्या जातात आणि मनात गर्दी करतात, ती या कागदाने थांबते.

सकाळच म्हणण्याला कारण आहे. हॅशर, सिंथिया मे व एका सहकाऱ्याने १९९३ साली तरुण व वृद्ध यांची स्मरणाची परीक्षा सकाळी आणि दिवस कलल्यावर अशा दोन वेळा घेऊन पाहिली. वृद्ध सकाळी चांगले ठरले आणि दिवस कलल्यावर मागे पडले. तरुणांचे नेमके उलट झाले. आपल्याकडे घरातील सगळ्या महत्त्वाच्या गोष्टी रात्री जेवणानंतर निघतात. त्या वेळी तरुण ताजेतवाने आणि म्हातारे थकलेले असतात, आणि त्याच वेळी त्यांची परीक्षा पाहिली जाते.

आमच्या परिचयाच्या एका घरी याचे चांगले उदाहरण घडले. गृहस्थ महापालिकेतून निवृत्त झालेले, वय चौऱ्याहत्तर. त्यांच्या चाळीच्या पुनर्विकासाचे कागद आले होते. रात्री नऊला दोन मुलगे, सुना, जावई आणि इमारतीतील दोन शेजारी असे सगळे खोलीत बसले. सगळे एकदम बोलत होते. पोरांचा दंगा चालूच होता. या गृहस्थांना दोन-तीनदा मत विचारले गेले; त्यांनी एकदा ‘हं’ म्हटले, एकदा भलत्याच मुद्द्यावर काही सांगितले आणि मग ते गप्पच झाले. जावयांनी हळूच म्हटले, ‘त्यांच्या सहीचं काय ते आपणच बघू.’ दुसऱ्या दिवशी पहाटे उठून त्यांनी तेच कागद पहिल्या पानापासून वाचले. सकाळी मोठा मुलगा चहा घेत असताना त्यांनी तीन प्रश्न विचारले. भाडे किती महिने मिळणार? काम रखडले तर त्याचे पुढे काय? आणि जुन्या खोलीचा ताबा सोडण्याआधी करारनाम्याची नोंदणी होणार की नंतर? रात्रीच्या आठ माणसांपैकी एकानेही ते पान उलटून पाहिले नव्हते.

आता कानांकडे येऊ. वयाने येणारा बहिरेपणा सरसकट सगळे आवाज कमी करीत नाही. आधी जातात ते बारीक, उंच पट्टीचे आवाज. स, श, फ अशी व्यंजने त्यांत येतात. स्वर मात्र बरेच दिवस चांगले ऐकू येतात. म्हणून आजोबा म्हणतात, ‘आवाज येतो, पण शब्द कळत नाही.’ हे त्यांचे बोलणे शब्दशः खरे असते. जो शब्द अर्धाच ऐकू आला तो मागच्या-पुढच्या संदर्भाने जुळवावा लागतो, आणि त्या जुळवाजुळवीत मनाची सारी शक्ती खर्च होते. मग बोलणे लक्षात कुठून राहणार? त्यातून खोलीत दुसरा आवाज असला तर विचारूच नका. घरातील माणसे अशा वेळी ओरडून बोलतात. ओरडण्याने स्वर मोठे होतात, व्यंजने तशीच राहतात, आणि आजोबांना वाटते की आपल्यावर रागावले. त्याऐवजी टीव्ही बंद करावा, समोर येऊन, तोंडावर उजेड राहील असे उभे राहावे, ‘आबा’ किंवा ‘बाबा’ अशी हाक मारून त्यांनी मान वळवेपर्यंत थांबावे, आणि मग सावकाश, एका वेळी एकच गोष्ट सांगावी. चौघांनी बोलायचे असेल तर पाळीपाळीने बोलावे.

कान तपासून घेणे याला आपल्याकडे फार कमी महत्त्व दिले जाते. डोळ्यांना चष्मा लागला तर कोणाला काही वाटत नाही, पण कानाचे यंत्र म्हटले की माणूस लाजतो. कित्येकदा तर कानात नुसता मळ साठलेला असतो आणि डॉक्टरांनी तो काढताच निम्मे काम होते. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने नेमलेल्या तज्ज्ञांच्या आयोगाने २०२० साली स्मृतिभ्रंशाची टाळता येण्याजोगी १२ कारणे दिली आणि २०२४ साली ती १४ केली. दोन्ही यादींत ऐकू कमी येणे आहे. २०२४ च्या यादीत उपचार न झालेली दृष्टीची मंदताही आली.

आवाजाचा विषय निघालाच आहे तर आणखी एक बोलून टाकतो. निवासी भागात आवाजाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल असावी, आणि रात्री १० ते सकाळी ६ लाउडस्पीकर लावू नये, असे नियम २००० सालापासून देशात आहेत. लग्नाची वरात असो, कोणाचा उत्सव असो, की आपली स्वतःची जयंतीची मिरवणूक असो, डी. जे.च्या भिंती उभ्या केल्या की ते नियम कोणी पाळत नाही. ज्या म्हाताऱ्यांनी आयुष्यभर सभांतील भाषणे ऐकून स्वतःला घडवले, त्यांना सभेच्या मंडपात आज भाषण कळत नाही, कारण कर्ण्यातून शब्दांऐवजी गुरगुर येते. पुढच्या दोन रांगा त्यांच्यासाठी राखाव्यात आणि मंडपाच्या मागची गाणी भाषण संपेपर्यंत बंद ठेवावीत. खर्च काही नाही.

दुधाकडे वळू. आजी दाराकडे गेली आणि दूध विसरली, यात विसरण्यापेक्षा परत न येणे अधिक आहे. २०११ साली गझॅली व त्यांच्या सहकाऱ्यांनी याचाही शोध घेतला. एक दृश्य लक्षात ठेवायला सांगून मध्येच चेहऱ्यांचे दुसरे काम दिले. तरुणांचा मेंदू मधले काम संपताच ते सोडून देऊन पहिल्या धाग्याशी पुन्हा जोडला गेला. वृद्धांचा मेंदू मधल्याच कामाला चिकटून राहिला आणि मागचा धागा नीट जुळेना. दारातली शेजारीण निघून गेली तरी तिचे बोलणे आजीच्या मनात चालू असते. दूध त्याच्या मागे उभे असते.

यावर उपाय मनाचे नाहीत, हाताचे आहेत. आमच्या वाचक भगिनींपैकी पुष्कळ जणी ते आधीपासून करीत असतील. गॅसजवळून उठताना गॅस बारीक करू नये, बंदच करावा. तेवढे जमले नाही तर सांडशी किंवा पळी हातात घेऊनच दाराकडे जावे. हातातली पळी शेजारणीलाही सांगते की चुलीवर काही आहे. औषधाची गोळी हातात घेतली असेल तर फोन वाजू द्यावा, आधी गोळी घ्यावी. आठवड्याच्या सात कप्प्यांची प्लास्टिकची डबी मिळते, तिच्यात गोळ्या भरून ठेवल्या की ‘घेतली की नाही’ हा वाद मिटतो. बिल भरायला जाताना ते खिशात न ठेवता हातातल्या पिशवीच्या बंदाला टाचून न्यावे. आणि घरच्यांनी हे ध्यानात ठेवावे, की आजी काही मोजत असेल, मीठ घालत असेल, पैसे देत-घेत असेल, तर तेवढा वेळ तिला हाक मारू नये.

चालण्याचा याच्याशी संबंध असेल असे चटकन वाटत नाही, पण तो मोठा आहे. तरुणपणी पाय आपोआप चालतात. म्हातारपणी चालण्यालाही लक्ष द्यावे लागते. स्वीडनमधील काही संशोधकांनी १९९७ साली एक अगदी साधे निरीक्षण प्रसिद्ध केले. वृद्धांसाठीच्या निवासातील ५८ जणांबरोबर चालताना ते गप्पा सुरू करीत. १२ जण बोलण्यासाठी चालायचे थांबले. पुढच्या सहा महिन्यांत त्या १२ पैकी १० जण कोठे ना कोठे पडले. तेव्हा आजी रस्त्यात बोलताना थांबत असेल तर तिला ओढू नये. ती स्वतःला सावरते आहे. तिला थांबू द्यावे, बोलणे संपू द्यावे आणि मग चालावे. रेल्वेच्या पुलाच्या पायऱ्या, पावसाळ्यातले ओले जिने, रस्ता ओलांडणे, येथे तर बोलूच नये, आणि मागून ‘अहो, सांभाळा!’ असे ओरडून दचकवू नये. पुढे होऊन हात द्यावा.

हळू बोललेले नेमके ऐकू येते, या तक्रारीकडे आम्ही येणार होतो. जे मन नको ते बाहेर टाकत नाही, त्यात कधी कधी उपयोगाचेही शिरते. कॅनडात हॅशर व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ साली तरुण व वृद्धांना चित्रे दाखवली. चित्रांवर शब्द छापलेले होते आणि त्यांकडे पाहू नका असे सांगितले होते. थोड्या वेळाने अक्षरे गाळलेले शब्द पुरे करायला दिले. त्यांत मघाचे शब्द होते. वृद्ध तरुणांना सरस ठरले! चवळीच्या शेंगा सोलत बसलेल्या आजीला गल्लीतील कोणाच्या मुलीचे कोठे जमते आहे, कोणाच्या दुकानात तांदूळ स्वस्त आला आहे आणि कोणाच्या नवऱ्याची नोकरी गेली आहे, हे सगळे ठाऊक असते, आणि वेळेला ते तिला नेमके आठवते. घरातील तरुणांना शेजारचे आडनाव माहीत नसते.

बुद्धी वाढवण्याच्या म्हणून मोबाइलवर खेळांच्या जाहिराती येतात. गझॅली यांनीच २०१३ साली ६० ते ८५ वयाच्या माणसांना एक खास तयार केलेला मोटार चालवण्याचा खेळ महिनाभरात १२ तास खेळवला आणि त्यांच्यात झालेली सुधारणा सहा महिने टिकली, हे खरे आहे. पण तो प्रयोगशाळेतील खेळ होता. बाजारात विकल्या जाणाऱ्या खेळांनी रोजच्या व्यवहारात तसाच फायदा होतो असे त्यावरून ठरत नाही. ‘ल्युमॉसिटी’ हा असा खेळ विकणाऱ्या कंपनीला खात्री नसलेले दावे केल्याबद्दल अमेरिकेत २०१६ साली २० लाख डॉलर भरावे लागले. रोज अर्धा तास चालणे आणि पुरेशी झोप यांना पैसे पडत नाहीत.

पैशांवरून आठवले. म्हाताऱ्या माणसांच्या या उणिवेचा सर्वांत नेमका अभ्यास कोणी केला असेल तर तो फोनवरून लुबाडणाऱ्या टोळ्यांनी. ‘डिजिटल अटक’ म्हणून जो प्रकार गेल्या काही वर्षांत देशभर झाला, त्याची रीत पाहा. आधी एक जण फोन करतो, मग तो दुसऱ्या ‘साहेबाला’ देतो, मग तिसऱ्याला. पडद्यावर गणवेश, शिक्के, कागद. फोन ठेवायचा नाही, कोणाशी बोलायचे नाही, लगेच पैसे पाठवा. विचार करायला एक क्षण मोकळा मिळू नये, अशीच ही रचना असते. अशा वेळी भले शिकलेले निवृत्त अधिकारीही फसले आहेत. भारतीय कायद्यात ‘डिजिटल अटक’ अशी गोष्टच नाही. घरातील फोनजवळ मोठ्या अक्षरांत लिहून चिकटवावे, ‘पैशाचा फोन आला की ठेवा. मुलाला सांगा.’ पैसे गेलेच तर वेळ न घालवता १९३० या क्रमांकावर तक्रार करावी. आणि ज्या घरात चूक झाल्यावर बोलणी खावी लागतात, त्या घरातील म्हातारा माणूस फसवणूकही लपवून ठेवतो, हेही मुलांनी लक्षात घ्यावे.

शेवटी डॉक्टरांचा विषय. येथवर सांगितले ते सर्वसाधारण वयाचे आहे, आजार नव्हे. पण तोच प्रश्न तासाभरात पाच वेळा विचारणे, रोजच्या रस्त्यावर वाट चुकणे, हिशेब किंवा रोजचा स्वयंपाक जमेनासा होणे, स्वभावात मोठा फरक पडणे, असे काही दिसले तर वय म्हणून सोडू नये. एक-दोन दिवसांत अचानक भ्रम झाल्यासारखे वागणे सुरू झाले तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा. लघवीचा जंतुसंसर्ग किंवा शरीरातील सोडियम कमी होणे अशी उपचार होणारी कारणे त्यामागे असू शकतात. जीवनसत्त्व ब-१२ ची कमतरता, थायरॉइड, मनाची उदासी, अपुरी झोप यांनीही लक्ष लागत नाही. झोपेच्या गोळ्यांनी आणि सर्दीच्या काही साध्या गोळ्यांनीही म्हाताऱ्या माणसाचे डोके जड होते. तेव्हा तपासायला नेताना घरात असतील नसतील तेवढ्या सगळ्या गोळ्या एका पिशवीत घालून बरोबर न्याव्यात. केसपेपरच्या खिडकीवर गर्दी व आवाज असतो, तेथे मुलाने उभे राहावे आणि बाबांना बाकावर बसवावे. डॉक्टर काय सांगतात ते कागदावर लिहून मागावे. आणि डॉक्टरांनी बाबांना प्रश्न विचारला म्हणजे उत्तर बाबांनाच देऊ द्यावे, मध्ये थोडी शांतता गेली तरी.